एरंडेलाची वाटी

पास्कल गेल्याचे मला त्याच्या धाकट्या भावाने, सायमनने, फोनवर कळवले. सायमनचा जबडा वाकडा आहे, त्यामुळे फोनवर त्याचे बोलणे नीट उमगत नाही. त्याने एकच वाक्य दोनदा सांगितले, "पास्कल गेला... चर्चमध्ये मिस्सा चालू होती, बाकावरच गेला." लाल गाडी पास्कलच्या भुईगावच्या अंगणात ठोकळ्यांवर उभी आहे, चाके काढलेली आहेत, एवढे सांगून त्याने फोन ठेवला. तीन वर्षांत भावाचे नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. या घटनेला सहा आठवडे झाले.

गोखिवऱ्यात पास्कलचा गाळा होता. तो जुन्या गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करी. माणूस हिंसक होता, आणि तो गेला म्हणून हे लपवण्यात अर्थ नाही. नट आवळायचे लोखंडी पाने फेकून मारी, गिऱ्हाइकांवर हात टाकी. एकदा एक गृहस्थ तक्रार घेऊन आले की जुनी गाडी तापली की ब्रेक आपोआप धरतात. पास्कलने गाडी फिरवून आणली, चाके काढली आणि त्यांच्यामागच्या चारही ब्रेक-ड्रमवर एकेक करून तळहात टेकवला. ही त्याची रीत होती. तळहातावर भाजल्याचे पांढरे डाग कायमचे होते. चारही ड्रम सारखेच तापलेले, म्हणजे दोष एका चाकाचा नव्हता. मग त्याने ड्रममागचा हवा काढायचा स्क्रू सैल केला. ब्रेकच्या तेलाची पिचकारी उडाली आणि घट्ट धरलेला ड्रम मोकळा फिरू लागला. पॅडल सोडल्यावर तेलाने मागे जायचे, ते जात नव्हते. गृहस्थांनी पॅडल कडक लागावे म्हणून त्याचा दांडा स्वतःच पिळून ठेवला होता, थोडाही प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, उरली नव्हती, आणि त्यामुळे तेलाच्या परतीचे भोक बंद झाले होते. हे दिसताच पास्कलने त्यांच्या कानाखाली वाजवली. "पोरांना बसवतोस ना हिच्यात?" एवढेच म्हणाला, आणि दांडा सैल करून दिला. ते गृहस्थ पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच आले.

लाल गाडी दोघा भावांची. भंगारातून आणलेला जुना सांगाडा, छप्पर कापलेले, आत दुप्पट ताकदीचे इंजिन. शौकीन लोक अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. ब्रेक मात्र मूळचेच, ड्रमचे. मी विरारला राहतो, तेव्हा वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, आणि रविवारी त्यांच्या अंगणात हाताखाली काम करायला जाई. पास्कल मला पेपरवाल्या म्हणे. "पेपरवाल्या, शाईचा हात रबराला लावू नको." ब्रेकची नवी रबरे बसवण्याआधी ती एरंडेलात भिजत ठेवायची, आणि रविवारची मिस्सा संपून घरची माणसे परत येईपर्यंत भरलेल्या वाटीला हात लावायचा नाही, असा त्या घरातला नियम होता. मी हिंदू, घरीच थांबणारा. म्हणून वाटी भरण्याचे काम माझ्याकडे आले.

त्या रविवारी एरंडेलाच्या बाटलीत बोटभरच तेल होते. ओटीवर रोझावहिनींचे, म्हणजे पास्कलच्या बायकोचे, शिलाई मशीन होते आणि शेजारी मशीनच्या तेलाची बाटली. तेल ते तेल, असे समजून मी वाटी त्याने भरली आणि रबरे आत टाकली. ते तेल पेट्रोलियमचे असते आणि ब्रेकचे रबर त्यात फुगते, हे मला माहीत नव्हते. विचारायला कोणी नव्हते. थांबलो असतो तर चालले असते. परत आल्यावर सायमनने रबरे बसवली.

पुढच्या आठवड्यात पास्कल रोझावहिनींना शेजारी बसवून निघाला असता आगाशीच्या रस्त्यावर गाडी तापली, ब्रेक धरू लागले, आणि वळणावर पुढचे उजवे चाक जागीच अडकले. गाडी फिरून वाडीच्या दगडी कुंपणावर आदळली. रोझावहिनींचे तोंड काचेतून बाहेर गेले. डावा डोळा वाचला नाही.

चौथ्या दिवशी पास्कलने अंगणात ब्रेक उघडले. मी आणि सायमन उभे होतो. स्क्रू सैल करताच पिचकारी उडाली. दांड्याला प्ले होता. मग त्याने मुख्य सिलिंडर उघडला. आतले रबर फुगून परतीच्या भोकावर बसले होते. त्याने त्याचा वास घेतला आणि सायमनकडे पाहिले. घासलेटनेही रबर फुगते, आणि सिलिंडर घासलेटने धुण्यावरून सायमनने पूर्वी एकदा मार खाल्ला होता.

"परत घासलेट?"

"नाय धुतलं मी. आईची शपथ."

पास्कलच्या हातात ड्रमच्या आतला कमानीसारखा लोखंडी ब्रेक-शू होता. पहिला फटका जबड्यावर बसला, दुसरा सायमन खाली पडल्यावर. दात ड्रममध्ये पडल्याचा आवाज आला. तिसरा बसू नये म्हणून मी पास्कलला मागून धरले. तोंडाने मात्र काहीच बोललो नाही. वाटीत काय होते ते मला त्या क्षणी कळले होते. सायमन जमिनीवरून माझ्याकडे पाहत होता... मी पास्कलला धरून उभा राहिलो. जबडा दोन जागी मोडला होता. सायमन आगाशीला राहायला गेला, तो परत आला नाही.

वर्षभर मी गप्प होतो. एका सकाळी रोझावहिनींनी मला सुईत दोरा ओवायला सांगितले. एका डोळ्याने त्यांना ते जमत नसे. मशीन कुरकुरत होते. त्या म्हणाल्या, "अपघाताच्या आधी भरलेली बाटली होती तेलाची. कोणी संपवली कोण जाणे." मी सांगितले. त्यांनी मशीनचे चाक हाताने फिरवून पाहिले. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगता? त्याला सांगा."

पास्कल नुकताच गाडी फिरवून आला होता, एक चाक काढलेले होते. माझे ऐकून झाल्यावर त्याने माझे मनगट धरले आणि तळहात ड्रमवर दाबला. मी शांतपणे सोसले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मी ओरडलो, त्याला लाथा मारल्या. त्याने हात सोडला तेव्हा कातडी ड्रमला चिकटली होती. "त्यानं आईची शपथ घेतली होती," तो म्हणाला, आणि स्कूटर काढून आगाशीला गेला.

सायमनने पास्कलचे म्हणणे खिडकीतूनच ऐकून घेतले, दार उघडले नाही. त्यानंतर दर रविवारी मिस्सा झाली की पास्कल आगाशीला जाई, भावाच्या पायरीवर तासभर बसे आणि परत येई. दार एकदाही उघडले नाही. हे रोझावहिनींकडून कळे. पास्कल माझ्याशी फक्त कामापुरते बोले. वाटी तो स्वतःच भरी.

गेल्या रविवारी मी भुईगावला असताना सायमन तिथे आला. ओटीवर, मशीनशेजारी, बशीने झाकलेली वाटी होती. गेला त्या दिवशी, मिस्सेला जाण्याआधी, पास्कलने रबरे भिजत घातली होती. तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. सायमनने बशी काढली आणि वाटी माझ्या नाकाशी धरली.

"काय हाय?"

"एरंडेल."

त्याने मान हलवली. मग वाटी उचलून तो आत गेला आणि रोझावहिनींपुढे धरली. त्यांनी बोट बुडवले, वास घेतला, बोट पदराला पुसले. "एरंडेलच हाय," त्या म्हणाल्या. मग वाटी घेऊन तो अंगणात आला, लाल गाडीच्या उघड्या ड्रमपाशी मांडी घालून बसला आणि त्याने वाटीतले पहिले रबर उचलले.