रायव्हल आणि आमचा वहाळ

कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी प्रत्येकाला एकेक शब्द दिला. त्याचा अर्थ आणि तो कुठून आला, हे शोधून सोमवारी वर्गात सांगायचं होतं. मला 'रायव्हल' आला. प्रतिस्पर्धी, एवढं मला ठाऊक होतं. वाचनालयातल्या जाड कोशात मात्र पुढे लिहिलं होतं की लॅटिनमध्ये मूळ अर्थ एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे शेजारी. मी ते दोनदा वाचलं. आपल्या समजण्यात चूक होत असेल, असं वाटलं.

शनिवारी महाडहून पोलादपूरपर्यंत एस.टी.ने आणि पुढे चालत घरी गेलो. वडिलांची आणि थोरल्या काकांची शेतं एकाच वहाळावर, म्हणजे आमच्याकडच्या ओढ्यावर. भात कापून झालं की दोघं मिळून वहाळावर दगडमातीचा बांध घालत आणि पाणी पाळीनं घेत, एक दिवस त्यांना, एक दिवस आम्हाला. धाकट्यानं नारळ आणायचा, थोरल्यानं पहिला दगड ठेवायचा, अशी रीत. मागच्या साली वडिलांनी काकांच्या पाळीचं पाणी आमच्याकडे वळवलं. तेव्हापासून बोलणं बंद. यंदा बांध झालाच नव्हता आणि दोन्ही घरची मिरचीची रोपं माना टाकत होती.

जेवताना मी भीत भीत शब्दाचं सांगितलं. वडील घास हातात धरून ऐकत राहिले.

"म्हंजे त्यांच्याकडं पन वहाळ हाय."

"होते, फार पूर्वी."

"आनि बांध कोनी घालायचा, ते नाय लिवलं?"

"नाही."

आई म्हणाली, "ते लिवायला कशाला पायजे? नारळ फळीवर हाय."

वडिलांनी हातातला घास तोंडात घातला. सकाळी त्यांनी नारळ माझ्याच हातात दिला. "तू ने. तो शब्द पन सांग."

काका अंगणात दोरी वळत बसले होते. मी अडखळत सगळं सांगितलं.

"एवढं कळायला म्हाडला जायला लागलं काय रे? आनि दुसऱ्याची पाळी चोरतो त्याला काय म्हनतात, ते नाय बघितलंस?"

मी नारळ पुढे केला.

"नारळ परत ने. बापाला सांग, सोता घेऊन वहाळावर ये. पहार मी आनतो."

वडील नारळ घेऊन वहाळावर गेले. काकांनी पहिला दगड ठेवला. दुपारपर्यंत दोघं कामापुरतंच बोलले. बांध भरल्यावर वडील म्हणाले, "दादा, पयले दोन दिस तुजे."

काकांनी नुसती मान हलवली.

सोमवारी मी वर्गात शब्दाचं मूळ सांगितलं. सरांनी उदाहरण विचारलं. घरचं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून कोशातलंच वाचून दाखवलं. तेव्हा पाणी काकांच्या वाफ्यांत होतं.