कमानीवरचा शब्द

आमच्या गावाने माझ्या धाकट्या भावाला फसवलं, आणि तेही तो गेल्यावर.

तो फौजदार होता. येडगावच्या रस्त्यावर नाकाबंदीत त्याने चोरट्या वाळूचा डंपर अडवला आणि ड्रायव्हरने तो सरळ त्याच्या अंगावर घातला. दशक्रियेच्या भाषणांत सरपंचांनी सगळ्यांसमोर सांगितलं, त्याच्या नावाची कमान उभारू. रस्त्याकडेची जागा माझी होती. टोमॅटोच्या एका क्रेटसाठी मी व्यापाऱ्याशी तासभर हुज्जत घालतो, पण ही जागा फुकट दिली. अट एकच होती, कमानीवर ‘कर्तव्य बजावताना वीरमरण’ असं लिहायचं. ग्रामसभेत तसा ठरावही झाला.

उद्घाटनाला पडदा सरकला आणि मी वाचलं, ‘अपघाती निधन’. व्यासपीठावर डंपरचा मालक शाल पांघरून बसला होता. कमानीचं सिमेंट आणि लोखंड त्यानेच दिलं होतं, हे मला तिथे कळलं.

“सरपंच, हे काय लिवलंय?” मी ओरडलो.

“भाऊ, नाव लई मोठ्या अक्षरात हाय ना? पावणं बसलेत, जरा दमानं घ्या राव.”

“पावणं? त्याच्याच डंपरखाली गेलाय माझा भाऊ!”

मागून कुणीतरी हसत म्हणालं, “हितंबी घासाघीस सुरू झाली बघा!”

कोर्टात ड्रायव्हरवर खुनाचा खटला अजून चालू आहे. उद्या त्याचा वकील या कमानीचा फोटो दाखवून म्हणेल, मयताचं गावच अपघात म्हणतंय. मग माझा भाऊ दुसऱ्यांदा मरेल. ठरावातला शब्द कुणाच्या सांगण्यावरून बदलला, हे सरपंचांनी ग्रामसभेत उभं राहून सांगावं.