प्रश्न उद्भवत नाही

“बाळंतीण. बाणातला ण, बाई. नळातला न नव्हे.”

साहेबांनी खारी चहात बुडवली आणि माझ्या कागदावर बोट ठेवलं. बोट ओलं होतं. डाग पडला. “कोट्यातून आलं की असं होतं. ण येत नाही, नोकरी येते.” दोन क्लार्क हसले. एक तर खो खो.

मी टेबलावर वाकून लिहीत होते. बाजूला तीन खुर्च्या रिकाम्या. बस म्हणालं नाही कुणी.

विधानसभेत एका आमदारानं प्रश्न टाकला होता. शिरोळकडच्या एका आरोग्य केंद्रात डॉक्टर नसल्यानं बाळंतीण दगावली, हे खरे आहे काय? असल्यास, काय कारवाई केली? उत्तर द्यायचं होतं मंत्र्यांनी. ते लिहून पाठवणार होते कोल्हापुरातल्या जिल्हा आरोग्य कार्यालयातले आमचे हे साहेब. आणि त्याला पुरावा म्हणून माझा जबाब. त्या केंद्रातली नर्स मी.

मी लिहिलं, डॉक्टर न्हवते.

“‘न्हवते’ असा शब्द मराठीत नाही. खोडा. ‘होते’ लिहा.”

“पण सर, खरंच न्हवते.”

“नोकरी पाहिजे का?”

आई जन्मभर दुसऱ्यांच्या उसात तण काढत, भांगलत राबली. घरात पगार आणणारी पहिली मीच. मी खोडलं. ‘होते’ लिहिलं. नातेवाइकांनी पेशंटला उशिरा आणलं, तेही लिहिलं. सही केली.

घडलं होतं ते वेगळं. पोरगी बावीस वर्षांची, माझ्या माहेरच्या बौद्ध वस्तीतली सून. सासूनं सकाळी आठलाच आणलेली. केसपेपर मीच काढला. दुपारी मुलगा झाला, वार पडली, आणि रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, सलाईन लावलं. डॉक्टर जयसिंगपुरात, स्वतःच्या दवाखान्यात. फोनवर “येतो” म्हणाले. आले नाहीत. केंद्राची ॲम्ब्युलन्स साहेबांच्या पाहुण्यांना घेऊन वाडीला गेलती, दत्ताच्या दर्शनाला. दुसरी गाडी यायला तास लागणार होता. शेवटी कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला भाजीच्या टेम्पोत घातली तिला. मी शेजारी. हातकणंगल्याच्या अलीकडंच हाताला नाडी लागेना. फळ्यांवर रक्त, रक्तात कोथिंबिरीच्या काड्या.

मंत्र्यांचं उत्तर गावच्या ग्रुपवर आलं. हे खरे नाही. डॉक्टर उपस्थित होते. नातेवाइकांनी रुग्णास विलंबाने आणले. कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.

एक बाई मेली. प्रश्न उद्भवत नाही.

दीड महिन्याचं बाळ घेऊन तिची सासू डोस द्यायला आली. बाकावर बसली. हळूच म्हणाली, “पोरी, सरकार म्हणतंय आम्ही उशीर केला. घरात समदी मलाच बोलत्यात. पोरगा जेवत न्हाय माझ्या हातचं. आम्ही सकाळीच आलतो की गं. तूच कागद केलतास. मी काय याड लागल्यासारखं करतीया व्हय?”

मी उठले. मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले, दोनदा. साहेबांची किळस होतीच. पण त्या दिवशी जी आली, ती माझ्या स्वतःच्या हाताची.

परत आले आणि सांगून टाकलं. “काकू, ते मी लिवलंय. भिऊन लिवलं. तुम्ही वेळेत आलतासा.”

तिनं बाळाचं टोपडं नीट केलं. उठली.

“तू नर्स झालीस तवा वस्तीनं पेढं वाटलं हुतं. ह्याला तुझ्या हातची सुई नको.”

दुसऱ्या नर्सनं डोस दिला. मी बघत उभी. ती चुकीचं काही बोलली नव्हती.

त्याच आठवड्यात कोल्हापूरला गेले. नवा जबाब. सोबत केसपेपरची झेरॉक्स, त्यावर सकाळी आठची वेळ. हजेरीपट, ॲम्ब्युलन्सच्या वहीचं पान. एक प्रत आवक क्लार्ककडं दिली, शिक्का घेतला. एक प्रत प्रश्न टाकणाऱ्या आमदाराला. तिसरी काकूंच्या दारात. त्यांनी कागद घेतला.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चेहरा पांढरा पडलेला.

“आधी खोटं लिहिलं होतं असं कबूल करताय? सस्पेंड व्हाल.”

“व्हय, खोटं लिवलं. तुमच्या टेबलावर, तुम्ही सांगितलासा तसं. ह्यात हाय तेबी.”

“बाई, जरा समजून घ्या. वरून दबाव होता.”

किती मऊ आवाज काढता येतो ह्या माणसाला! पहिल्यांदाच म्हणाले, बसा. मी बाहेर पडले.

आठ दिवसांत निलंबनाचा आदेश आला. माहेरी आई बोलत नाही माझ्याशी. सभागृहात प्रश्न पुन्हा गेलाय म्हणे, उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित पुन्हा तसलंच येईल. नवऱ्याला लोक सांगतात, माफी मागायला लाव, प्रकरण मिटेल.

मिटू देणार नाही. चौकशी लागली की आरोपींत पहिलं नाव माझं लिहा, असं मी लेखी कळवलंय. त्याखालची नावं मी तोंडानं सांगणार आहे, एकेक, हुद्द्यासकट.