सुमीचं शांत बंदर

चित्रात जे नाही ते शोधायला लावून अख्ख्या कुरुंदा गावाचे डोळे दुखवणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि ते नेमके माझे मामा आहेत.

मामांचा बोललेल्या शब्दावर विश्वास नाही. लिहिलेला मात्र त्यांना देवासारखा. एकदा ड्रायव्हर, कंडक्टर आणि आतले प्रवासी एका सुरात "सेनगाव, सेनगाव" ओरडत असताना मामा पाटी वाचायला एसटीच्या पुढं गेले, आणि एसटी त्यांना वळसा घालून निघून गेली. एका लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त अकरा बेचाळीसचा छापला होता. नवरदेव अजून मारुतीच्या देवळातच होता, पण मामांनी घड्याळ बघून बराबर अकरा बेचाळीसला रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकल्या आणि घरी आले. मामीला म्हणाले, "माझ्याकडून लागलं लगन. त्यांचं त्यांनी बघावं."

अशा माणसाच्या घरात ते चित्र आलं. मामांची एकुलती एक लेक सुमी, लेक-जावई दोघंही रोमानियात नोकरीला. तीन वर्षं झाली, येणं झालेलं नाही. तिनं तिथल्या एका चित्रकाराकडून घेतलेलं हे चित्र कुणाच्या तरी हाती पाठवलं. करडं पाणी, दोन होड्या, काठावर उंच झाडं आणि चार लाल छपरं. बस्स. माणूस नाही, काणूस नाही. मी घरात पाऊल टाकलं की मामा मला चित्रापुढं उभं करायचे. "ह्यात एक बंदर हाय. शोध."

मी शोधलं. छपरांवर शोधलं, झाडांवर शोधलं, होडीत वाकून बघितलं. हरभऱ्यात शिरणारं एक माकड एवढ्याशा चित्रात कुठं लपलं असेल, मला कळेना. एका फांदीवरचा काळा ठिपका दाखवला, तर मामा चिडले. "ते खोड हाय, बंदर न्हाई. सुमीनं लिहून धाडलंय, म्हंजे हायच."

मग त्यांनी खरी तकलीफ सांगितली. फोनवर त्यांनी सुमीला बजावलं होतं, "बंदरापासून जपून राहा, बाई." ती हसून म्हणाली, "काहून भेता, बाबा? लई शांत हाय बंदर. आमी दोघं रोज संध्याकाळी बंदरावरच जाऊन बसतो." मामांनी फोन ठेवला आणि घाबरेघुबरे होऊन मामीला सांगितलं, "जावईबी बंदरावर बसून राहिला!" त्या रात्री दोघंही जेवले नाहीत.

दसऱ्याला भिंती झाडताना चित्र खाली काढलं, तेव्हा मागचा मजकूर मी पहिल्यांदा वाचला. 'बाबा, हे आमच्या गावातलं नदीवरचं शांत बंदर. आमचं घर ह्याच्याच मागं.' मी हसत हसत खालीच बसलो. बंदर म्हणजे होड्या लागायची जागा, हे मामांना सांगितलं. आमच्याकडं समुद्र नाही; बाजारातल्या हिंदीमुळं बंदर म्हटलं की शेपूटच आठवते.

मामा हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. चित्र मांडीवर घेऊन होडीच्या दोरावर बोट फिरवत राहिले.

"म्हंजे नाव हितून जाते?"

"जाते."

"आन् परत येते?"

"व्हय मामा, बंदरालाच येते."

त्यांचं बोट दोरावरच थांबलं. मग म्हणाले, "आपल्या कुरुंद्याला तर बंदर न्हाई रे. लेकरानं लागावं कुठं?"

मी चित्र परत भिंतीवर टांगलं. आता मामा कुणाला काही शोधायला लावत नाहीत. संध्याकाळ झाली की ओट्यावर बसतात आणि फाट्यावर थांबणाऱ्या प्रत्येक एसटीतून कोण उतरतं ते मान उंचावून बघतात. पाटी आता वाचत नाहीत. सुमीला मी अजून सांगितलेलं नाही, पण सांगायचं आहे, की बंदर कुरुंद्यालाही आहे, ओट्यावर बसलेलं; फक्त ते तुझ्या बंदरासारखं शांत नाही.