नात्याच्या रकान्यात मामा

राजेश्वरीचं अक्षर इतकं वळणदार, की नगरच्या त्या मुलींच्या बालगृहातले सगळे कागद आपसूक तिच्याच टेबलावर येऊन पडत. बारा वर्षं ती तिथं काळजीवाहक होती. पोरींच्या उवा काढायच्या, तापात उशाशी बसायचं आणि आल्यागेल्याची नोंद ठेवायची. वर्षाअखेरीस वरून एक तक्ता यायचा. त्यात ‘तस्करी’ असाही रकाना असे. राजेश्वरी बिनदिक्कत तिथं शून्य काढायची. तस्करी म्हणजे मुंबई, टोळ्या, बेशुद्ध करून पळवलेली पोरं. आपल्या पोरी बिचाऱ्या हरवलेल्या, नाहीतर रुसून पळालेल्या, असं तिला अगदी मनापासून वाटे.

त्या मंगळवारी मोनिकाला न्यायला माणूस येणार होता. अकरा वर्षांची ही पोर नेवाशाकडच्या एका ढाब्यावर भांडी घासताना सापडली होती. न्यायला येणाऱ्याचं नातं म्हणून राजेश्वरीनं ‘मामा’ लिहिलं होतं, कारण पोरच तसं म्हणाली होती. बालकल्याण समितीपुढं तोच कागद गेला आणि ताबा द्यायचा आदेश निघाला.

वेणी घालताना राजेश्वरीनं तिला चिडवलं, “मज्जा हाय बाई एका पोरीची! मामी काय करून घालनार गं?”

“मामी कुठली? मामा टेम्पोतच झोपतो.”

“पण आईचा भाऊ ना त्यो?”

“न्हाई. टेम्पोवाला मामा. समद्या पोरी त्याला मामाच म्हनत्यात.”

राजेश्वरीचा हात वेणीतच थांबला. आपल्याकडे मामा कोण नसतो? कंडक्टर मामा, हवालदार मामा, दवाखान्यातला शिपाईसुद्धा मामाच. शेंबडं पोरही हे सांगेल. आणि बारा वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं, कुठला मामा? तिला स्वतःचाच असा संताप आला, की कंगवा आपटून ती उठली.

कपाटातली तीन वर्षांची रजिस्टरं तिनं फरशीवर मांडली. आत्याकडं दोघी गेल्या होत्या, काकाकडं चौघी आणि मामाकडं चौदा. त्यातल्या पाच मामांची नावं वेगळी, मोबाईल नंबर मात्र एकच. मोनिकाच्या कागदावरही तोच. राजेश्वरीनं समितीवरच्या बाईंना फोन लावला.

“पोरीला अजिबात बाहेर आणू नका,” बाई म्हणाल्या. “मी पोलीस पाठवते. तोवर त्याला बसवून ठेवा.”

चार वाजता तो आला. पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा, नाव श्रीमंत. राजेश्वरीनं मोनिकाच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

“एक कागद राहिलाय. बसा जरा.”

“आता लई कागद लागाया लागले व्हय, ताई?” तो हसून म्हणाला. “मागल्या बारीला तर तुमी च्या पाजून लगेच सोडलं हुतं.”

राजेश्वरीनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. चेहरा ओळखीचा वाटेना. त्याच्यासोबत कुठली पोर धाडली होती, तेही तिला काही केल्या आठवेना.