शिवमूर्तीअप्पांचा डावा हात

निलंग्याचे कापड दुकानदार शिवमूर्तीअप्पा यांना आपल्याला कधी काही होत नाही, याचा भारी अभिमान. भाच्याच्या लग्नाला स्कूटरवर निघाले, गल्लीत आडव्या बांधलेल्या मांडवाच्या दोरीत मान अडकली आणि आडवे झाले. उठले, सदरा झटकला, पंगतीला बसले आणि बुंदी दोनदा मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी उजवी पापणी अर्धी खाली आली. अप्पांनी ते जागरणावर ढकललं आणि पूजेला बसले. अप्पा लिंगायत; गळ्यातल्या डबीतून काढून डाव्या तळहातावर घेतलेलं इष्टलिंग घसरून मांडीवर पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. बायको शिवकांताबाईंनी वाद न घालता जीप बोलावली आणि त्यांना लातूरला आणलं.

डॉक्टर दामिनींनी मानेवरचा वळ पाहिला, पापणी पाहिली, आपलं बोट त्यांना डाव्या हाताने दाबायला लावलं.

"काका, बाहेर नुसता वळ दिसतो, पण आत मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली असावी. तिथं रक्ताची गुठळी होते. उजव्या बाजूचा मेंदू डावा हात चालवतो, म्हणून त्यातली ताकद गेलीय. आत्ताच मानेचा स्कॅन करू. गळ्यातली चांदीची डबी काढा, तिच्यामुळे चित्र बिघडतं."

"त्यात लिंग हाय. दीक्षेपासून अंगावर हाय. मेल्यावरच उतरायचं."

"उशीर केला तर तेही होईल. नाहीतर अर्धं अंग जाईल."

अप्पांनी डबी उजव्या मुठीत घट्ट धरली. ते घाबरले होते, पण घाबरण्यापेक्षा अडून बसणं त्यांना सोपं जात होतं.

शिवकांताबाईंनी विचारलं, "रोज पूजेला डबीतनं काढून कुठं ठिवता?"

"हातावर."

"मंग आता बी हातावर घ्या की. अंगावरच ऱ्हातंय."

अप्पांनी डबी गळ्यातून काढून उघडली. स्कॅनच्या औषधाची सुई उजव्या हाताला लागली. डाव्या हातात लिंग ठेवलं, पण बोटं मिटेनात. शेवटी शिवकांताबाईंनी किरणांपासून बचावाचा शिशाचा जड झगा अंगात चढवला आणि त्यांच्या बोटांवर आपली मूठ मिटली. यंत्र फिरून थांबेपर्यंत ती सुटली नाही.

उजवी रक्तवाहिनी आतून फाटलेली निघाली. ऑपरेशन लागलं नाही. रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला, तेव्हा ती भरून आली होती आणि हातातही पूर्वीची ताकद आली होती.

अप्पा अजून पूजेला बसले की डावा हात पुढे करून थांबतात. शिवकांताबाई चुलीवरचं उतरवून येतात आणि खालून हात धरतात. हात बरा झालाय, हे दोघांनाही माहीत आहे.