भांडता आलं पाहिजे

दिल्लीतल्या एका संस्थेत मी परदेशी विद्यार्थ्यांना हिंदी बोलायला शिकवत असे. बोलण्याच्या तीन पातळ्या होत्या. तोंडी परीक्षा पास झाली की वरचा वर्ग. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी आमचे विभागप्रमुख चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मैडम, आपकी हिंदी से मराठी की बू आती है। आप पहली क्लास ही सँभालिए।" सगळे हसले. मीही हसले, आणि त्या दिवसापासून त्या माणसावर डूख धरला. चांगली नऊ वर्षं धरला.

पहिली तर पहिली. मी माझ्या मुलांना वर्गात कमी आणि मुनिरक्याच्या बाजारात जास्त शिकवलं. नियम एकच: किडकी भेंडी भाजीवाल्याला परत करा, भांडून चांगली आणा, मगच वर पाठवीन. परदेशी माणसाला 'धन्यवाद' तिसऱ्या दिवशी येतं, भांडायला चार महिने लागतात.

हे विभागप्रमुख साहेब स्वतः तिसरी पातळी घेत. चाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं, घोकून टाका. परीक्षकही तेच, म्हणून सगळे पास. दरवर्षी समारंभात ते हार घालून घेत आणि मी दातओठ खात टाळ्या वाजवी.

मंगोलियाची एक मुलगी माझ्या वर्गात आली. इतकी गरीब स्वभावाची की भाजीवाल्याने काहीही दिलं तरी मान लववून घेऊन येई. तीनदा पाठवली, तीनदा तीच किडकी भेंडी. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी विरघळले. नियम मोडून तिला वर पाठवली. पुढे दुसरी पातळी ओलांडून ती साहेबांच्या वर्गात पोचली, तरी दर रविवारी आर. के. पुरमला आमच्या क्वार्टरवर जेवायला यायची. तिसरी पातळी पार झाली नाही तर शिष्यवृत्ती बंद आणि परत घरी, हे तिने मला थालीपीठ खाता खाता सांगितलं होतं.

त्या वर्षी वरून एक पत्र आलं. साहेब रजेवर होते, म्हणून सही करून मीच ते घेतलं. यंदा तिसऱ्या पातळीला परीक्षक बाहेरचा येणार होता. पाठ केलेलं उत्तर दिसलं की तो मध्येच थांबवणार, एखादी अडचण उभी करणार आणि त्यावर बोलायला लावणार. पत्र मी दोनदा वाचलं. मग साहेबांच्या मेजावरच्या ज्या फायली ते कधीच उघडत नसत, त्यांच्या तळाशी ते ठेवून दिलं. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी शिरा केला.

मुलीला हळूच सांगावं असं मनात आलं. पण तिला कळलं की वर्गाला कळणार, आणि वर्गाला म्हणजे साहेबांना. मी गप्प बसले. रविवारी तिने 'मेरा प्रिय त्योहार' मला घडाघडा म्हणून दाखवलं. मी तिला आणखी एक थालीपीठ वाढलं.

परीक्षेला सात जण बसले, सातही नापास. मुलीला परीक्षकाने दुसऱ्याच वाक्यावर थांबवलं. समजा मी तुमचा घरमालक आहे, म्हणाला, उद्या खोली रिकामी करा. तिने मान लववली आणि म्हणाली, "जी, धन्यवाद।"

साहेबांची चौकशी लागली. "मुझे कोई चिट्ठी नहीं मिली!" ते ओरडत होते. आवक रजिस्टर उघडलं, तिथे माझी सही. मी शांतपणे म्हटलं, "आपकी मेज़ पर ही रखी है, सर। मेरी हिंदी समझ में न आई हो तो माफ़ कीजिए।" फायलींच्या तळातून पत्र निघालं. साहेबांची खुर्ची गेली. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला आजही आठवतो, आणि आजही बरं वाटतं.

मंगोलियाला परत जायच्या आदल्या दिवशी मुलगी घरी आली. रजिस्टरची गोष्ट तिला ऑफिसातल्या बाबूने सांगितली होती. मी बस म्हटलं, ती बसली नाही.

"आपको सब पता था। मैं हर इतवार यहाँ खाती रही, आप सुनती रहीं। मुझे क्यों नहीं बताया? साफ़-साफ़ बोलिए। जवाब लिए बिना मैं नहीं जाऊँगी।"

आवाज चढलेला, मान ताठ, एक शब्द कुठे अडला नाही. बाजारात चार महिने मी तिच्याकडून हेच मागत होते. ती दारात उभीच राहिली.